मृत्युपत्रातून दान (सोलापूर)

आपण गेल्यावर घर, एफडी, सोनं, शेअर यातला काही भाग शाळेला, दवाखान्याला, देवस्थानाला किंवा ट्रस्टला जावा असं हयातीतच लिहून ठेवणं म्हणजे मृत्युपत्रातून दान.

सोलापूरला देण्याची सवय जुनीच आहे, पण नावाजलेली दानं बरीचशी हयातीतली. इथले ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी 1941 मध्ये जैन संस्कृति संरक्षक संघासाठी 30,000 रुपये दिले आणि 1944 मध्ये तर सुमारे दोन लाखांची सगळी संपत्तीच ट्रस्ट करून संघाला देऊन टाकली, जीवराज जैन ग्रंथमाला त्यातूनच चालली. असं हयातीत दिलं की काम डोळ्यांनी बघायला मिळतं हे खरंच, पण ज्याला म्हातारपणी राहतं घर आणि बँकेतला पैसा लागणार आहे अशा साध्या माणसाला विलच सोयीचं, कारण शेवटपर्यंत सगळं त्याच्याच नावावर राहतं, मन बदललं तर विल कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं केलेलं तेच खरं धरतात. हयातीत मालमत्ता देऊन टाकायच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क लागतं, विलला नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 प्रमाणे साधा कागद चालतो. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, तरी करावीच, आणि वय झालं असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडावं म्हणजे पुढे 'शुद्धीत नव्हते' हा वाद कमी होतो. सोलापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते, साखर पेठेत, अशोक चौकाकडे घरात तेलुगू चालतं, अक्कलकोटकडे कन्नड, आणि कागद मराठीत किंवा वकिली इंग्रजीत होतो, तेव्हा 'मला माझ्या भाषेत वाचून सांगितलं, ते मला समजलं' हे वाक्य त्यात असलेलं बरं.

सगळ्यात जास्त विलं फसतात ती मोघम लिहिण्यानं. 'उरलेला पैसा धर्माला लावावा' हे ऐकायला चांगलं वाटतं पण मुंबईकडच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) 1899 मध्येच सांगितलंय की नुसतं 'धर्म' एवढं लिहिलं तर कुणाला काय द्यायचं ते ठरत नाही, म्हणून असं दान रद्द, आणि रद्द झालं की ती रक्कम वारसांकडे जाते. म्हणून असं लिहावं: 'माझ्या बँक ठेवीतले पाच लाख रुपये अमुक ट्रस्टला, नोंदणी क्रमांक अमुक, मुद्दल न मोडता व्याजातून दरवर्षी बारावी पास गरजू मुलींच्या फीसाठी, ती संस्था तोवर बंद झाली असेल तर तमुक ट्रस्टला.' सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला 35,000 होतात, दोन-तीन मुलींची फी निघते. दुसऱ्या संस्थेचं नाव टाकायला लोक हमखास विसरतात आणि माझ्या मते तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण विल लिहिण्यात आणि माणूस जाण्यात वीस वर्षंसुद्धा जाऊ शकतात.

देता काय येतं यालाही मर्यादा आहेत. हिंदूंना स्वकष्टाचं सगळं देता येतं, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सापण, मात्र आपल्यावर अवलंबून असलेल्यांचा पोटगीचा हक्क त्या मालमत्तेवर राहतो. मुस्लिमांना अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता एक तृतीयांशपर्यंतच, त्यापुढे वारसांची संमती लागते. ख्रिश्चनांवर धर्मादाय दानासाठी वेगळी जाचक अट होती, ती सुप्रीम कोर्टानं 2003 मध्ये घटनाबाह्य ठरवली. शेतजमिनीचं मात्र जपून, शेतकरी नसलेल्याला जमीन विलनंही देता येत नाही असा निकाल सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये गुजरातच्या कुळकायद्यावर दिलाय, आणि आपला कायदा त्याच 1948 च्या मुंबई कायद्यातून आलेला, त्यामुळे सातबाऱ्यावरची जमीन ट्रस्टला लिहिण्याआधी वकिलाला विचारायलाच हवं.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नये, नॉमिनी मालक होत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये कंपन्यांच्या शेअरबाबत पुन्हा स्पष्ट केलंय. विल अमलात आणायला एक्झिक्युटर नेमावा, तोही आपल्यापेक्षा वयानं लहान. विलमधूनच नवा सार्वजनिक ट्रस्ट काढायचा असेल तर धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज त्यालाच करावा लागतो, मृत्यूपासून सहा महिन्यांत किंवा प्रोबेट (विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मिळाल्यापासून एका महिन्यात, जे आधी येईल तेव्हा.

देहदानाची इच्छापण पुष्कळजण विलमध्येच लिहितात. पण विल उघडतात ते बहुधा दिवस झाल्यावर, तोवर अंत्यसंस्कार होऊन गेलेले असतात. त्यासाठी वेगळा फॉर्म वैशंपायन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी हयातीतच भरून द्यावा आणि त्याची झेरॉक्स घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवावी.