बेर्गामोची चॅलेंजर आणि छताखालचं टेनिस: पार्श्वभूमी

नाशिकला पाऊस ओसरला की टेनिसला बहर येतो, तो ऊन तापेपर्यंत टिकतो. युरोपात नेमकं उलटं. ऑक्टोबर लागला की दिवस आखडतात, कोर्टं ओली राहतात आणि खेळ हॉलमध्ये शिरतो. इटलीतल्या बेर्गामो शहरात 2006 पासून भरणारी इनडोअर चॅलेंजर स्पर्धा ही याच हवामानाची देणगी. आधी ती फेब्रुवारीत व्हायची, 2021 मध्ये नोव्हेंबरात झाली. दोन्ही वेळी बाहेर कडाका असतोच.

चॅलेंजर म्हणजे पुरुष टेनिसची दुसरी पायरी. वर एटीपी टूर, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसची सर्वात मोठी स्पर्धामालिका, खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) छोट्या स्पर्धा, मध्ये ही. तिचं मूळ क्रमवारीत आहे. ऑगस्ट 1973 मध्ये संगणकीय क्रमवारी आली आणि इली नास्तासे पहिला अव्वल खेळाडू ठरला. तोवर कोणाला बोलवायचं हे बरंचसं आयोजकांच्या मर्जीवर चालायचं. आता गुणांवर प्रवेश म्हटल्यावर नवा पेच आला: मोठ्या स्पर्धेत शिरायला गुण हवेत, आणि गुण मिळायला स्पर्धा हवी. 1978 मध्ये सुरू झालेल्या चॅलेंजर स्पर्धांनी तो बराचसा सोडवला. गुणांचा हिशेब आजही सरळ आहे. चॅलेंजर 50 जिंकली तर 50 गुण, 175 जिंकली तर 175. ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला 2000 मिळतात, यावरून दोन पायऱ्यांमधलं अंतर कळावं.

दुसरा धागा छताचा. मोठे हॉल काही टेनिससाठी बांधलेले नसत. आज बास्केटबॉल, उद्या प्रदर्शन, परवा गाण्याचा कार्यक्रम. म्हणून कार्पेटचे गठ्ठे आणायचे, लाकडी किंवा सिमेंटच्या जमिनीवर उलगडायचे, आठवडाभर खेळून परत गुंडाळून ठेवायचे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 1977 ते 1989 वर्षअखेरची मास्टर्स स्पर्धा अशाच कार्पेटवर रंगली. चेंडू त्यावर खाली राहून सटकतो, त्यामुळे सर्व्हिस जोरदार असलेल्याची चांदी. 2009 पासून एटीपी टूरवरून कार्पेट हद्दपार झालं, छोट्या स्पर्धांत मात्र ते पुढेही काही वर्षं रेंगाळलं. बेर्गामोत हार्ड कोर्टच आहे. तरी छताखालचा खेळ वेगळा तो वेगळाच. वारा नाही, सर्व्हिससाठी चेंडू वर फेकताना डोळ्यांत ऊन नाही. लांबलचक रॅलीत प्रतिस्पर्ध्याला दमवणाऱ्यांपेक्षा सपाट आणि लवकर मारणाऱ्यांना इथे सुख.

बेर्गामोचं नाव झालं ते विजेत्यांमुळे. 2018 मध्ये मातेओ बेरेत्तिनी जिंकला, तोच पुढे 2021 मध्ये विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचला. 2019 मध्ये आयोजकांनी एका सतरा वर्षांच्या पोराला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता थेट प्रवेश दिला. क्रमवारीत तो पाचशेच्याही बाहेर होता. अंतिम सामन्यात त्याने रॉबेर्तो मार्कोराला 6-3, 6-1 असं गुंडाळलं. तो यानिक सिन्नर. (नाशिकजवळच्या आपल्या सिन्नर गावाशी त्याचा काही संबंध नाही, पण नाशिककराला नाव ऐकून उगाच आपुलकी वाटतेच.) वर्ष संपेपर्यंत तो पहिल्या शंभरात होता आणि जून 2024 मध्ये जगात पहिला. माझ्या मते त्या वाइल्ड कार्डचं मोल विजेतेपदाहून जास्त. ते नसतं तर एवढ्या खालच्या क्रमांकावर मुख्य फेरीचं दार उघडणं कठीण होतं.

पुढच्याच वर्षी स्पर्धा अर्धवट राहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्सचा एन्झो कुआको आणि युक्रेनचा इल्या मार्चेन्को अंतिम फेरीत आले, पण तोवर बेर्गामो ज्या प्रांतात आहे त्या लोम्बार्डीत कोरोना पसरू लागला होता. सामना झालाच नाही, विजेता कोणीच नाही. महिन्याभरात बेर्गामोतून शवपेट्या नेणारे लष्करी ट्रक सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा होल्गर रून जिंकला. वर्षभराने पॅरिस मास्टर्सच्या अंतिम सामन्यात त्याने जोकोविचला हरवलं, तेही छताखालीच.

महाराष्ट्रात या पातळीचं टेनिस पाहायचं तर पुणे गाठावं लागतं. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडी संकुलात 2014 पासून चॅलेंजर होऊ लागली, आणि 2017 चा अंतिम सामना युकी भांब्री आणि रामकुमार रामनाथन या दोन भारतीयांतच झाला, युकी जिंकला. 2018 ते 2023 दरम्यान, 2021 चा खंड सोडला तर, तिथे एटीपी 250, म्हणजे वरच्या टूरवरची विजेत्याला 250 गुण देणारी स्पर्धाही झाली. हे सगळं उघड्यावर. हिवाळ्यात आपल्याला छताची गरजच काय?

गरज जून ते सप्टेंबरमध्ये असते. नाशिकमध्ये त्या चार महिन्यांत कोर्टवर पाणी साचतं आणि सराव बुडतो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेनिस हलवता येत नाही. बॅडमिंटनचं कोर्ट 13.4 मीटर लांब, टेनिसचं 23.77. मागे धावायला जागा धरली की साडेछत्तीस मीटर लांबी आणि अठरा मीटर रुंदी लागते, आणि जाळीच्या वर नऊ मीटर मोकळी उंची. तीही एका कोर्टसाठी. चॅलेंजरला मुख्य सामने, पात्रता फेरी आणि सराव सांभाळायचा तर एका कोर्टवर भागत नाही.