ओला आणि सुका: पुण्यातल्या दोन शब्दांची पार्श्वभूमी

वाड्यांच्या पुण्यात फेकून द्यावं असं फार थोडं उरायचं. खरकटं जनावरांना, जुने कपडे बोहारणीला, रद्दी नि बाटल्या भंगारवाल्याला. बाकीचं कोपऱ्यावरच्या कुंडीत. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून शहरात आलेल्या कितीतरी दलित बायका याच कुंड्यांमधून कागद, काच, पत्रा वेचून घर चालवू लागल्या. १९९३ मध्ये त्यांची संघटना झाली. पुढे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रंही मिळाली.

२००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले. त्यातला शब्द ‘जैवविघटनशील’. दारात उभं राहून तो रोज कोण म्हणणार? लोकांच्या तोंडी ‘ओला-सुका’ बसलं आणि घोळही तिथूनच सुरू झाला. ओला की सुका हे हाताला कळतं. नियम मात्र विचारतो, हे कुजतं का? म्हणून कोरडा पाचोळा, कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं ‘ओल्या’त जातात आणि आतून दूध ठिबकणारी पिशवी ‘सुक्या’त. करवंटी कुजायची तर कुजते, पण इतकी सावकाश की खताच्या खड्ड्यातून ती वेगळी काढावी लागते. डायपर आणि सॅनिटरी पॅडचं तर दोन्हीकडे जमत नाही. ती ओली असतात, लवकर कुजत नाहीत, विकलीही जात नाहीत. वर्षानुवर्षं ती तशीच उघडी डब्यात पडायची आणि ती उचलायला पुढे व्हायचा तो वेचणाऱ्या बाईचा हात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही साधी मागणी याच बायकांना करावी लागली. २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्याचा तिसरा प्रकार आणला, पॅड गुंडाळून देणं बंधनकारक केलं आणि कचरावेचकाची व्याख्या कायद्यात लिहिली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

दरम्यान २००८ मध्ये या वेचणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला होता. घरोघरी जाऊन कचरा घ्यायचा, घरटी शुल्क मिळवायचं आणि सुक्यातलं विकता येईल ते विकायचं. त्यामुळे ‘सुका’ला तिसराच अर्थ आला. त्या त्याला ‘माल’ म्हणतात. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की त्याचा भाव गेला. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा पडला की तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.

२०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपत आली तेव्हा हे काम खासगी ठेकेदाराला द्यावं का, यावर शहरात वाद पेटला. बोलणं व्हायचं ते शुल्काबद्दल आणि गाड्यांबद्दल. पण काम ठेकेदाराकडे गेलं असतं तर डब्यातल्या मालावरचा बायकांचा हक्कही त्याच्याबरोबर गेला असता.