हार्ड डिस्क घेताय? आधी कॉम्प्युटर कुठे ठेवलाय ते सांगा

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या कंपनीची चांगली?" हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. कधीच बंद पडणार नाही अशी डिस्क तिघींपैकी कुणीही बनवत नाही. त्यामुळे आम्ही उलट विचारतो, कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे की बेडरूममध्ये? आणि डिस्कवर काय ठेवणार?

आवाजाचं आधी बघू. डिस्कच्या आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०. ही थरथर पत्र्याच्या कॅबिनेटला लागली की रात्री घुमायला लागते. मोबाइल व्हायब्रेटवर टाकून स्टीलच्या ताटात ठेवून बघा, मग त्याच मोबाइलखाली नॅपकिन घाला. फरक लगेच कळेल.

मागच्या पावसाळ्यात एक काका आले. "झोप लागत नाही, डिस्क बदलून द्या." आम्ही मशीन बंद करून डिस्क खाचेतून काढली, दुमडलेल्या फडक्यावर आडवी ठेवली आणि पुन्हा चालू केली. गुणगुण गायब! चारांपैकी दोनच स्क्रू होते, तेही सैल. रबरी वॉशर घातले, बाजूचा पत्रा घट्ट बसवला आणि काकांना घरी पाठवलं. त्या दिवशी डिस्क काही विकली गेली नाही.

तरीही नवीन घ्यायचीच असेल तर घरी ५४०० आरपीएमची घ्या. कंपनीच्या माहितीपत्रकात आवाजाचे दोन आकडे असतात, एक नुसतं फिरताना आणि दुसरा आतला दांडा हलताना. कमी फेऱ्यांची डिस्क साधारण २५ डेसिबलच्या आसपास असते, ७२०० वाली ३०च्या मागेपुढे. हे पाच किरकोळ समजू नका, दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या १२-१६ टीबीच्या डिस्क बहुतेक वेळा सर्व्हर रूमसाठी बनलेल्या असतात. त्या खरवडल्यासारख्या वाजतात, आणि काही तर काम नसतानाही दर थोड्या सेकंदांनी ठक्‌ करतात. तो बिघाड नव्हे, त्यांची रीतच तशी. पण उशाशी नकोत.

खरं म्हणाल तर सगळ्यात शांत उपाय म्हणजे विंडोज एसएसडीवर (तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) टाकायची आणि हार्ड डिस्क फक्त फोटो, व्हिडिओ, हिशेबाच्या फाइलींसाठी ठेवायची. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच मिटतो. मग पॉवर सेटिंगमध्ये २० मिनिटं काम नसेल तर हार्ड डिस्क बंद व्हावी असं लावून टाका. पुढच्या वेळी फोल्डर उघडताना काही सेकंद थांबावं लागेल, तेवढं चालवून घ्या. दोन-तीन मिनिटांवर मात्र लावू नका, सतत बंद-चालू होणं डिस्कला मानवत नाही.

आता एक गोष्ट जी दुकानदार सहसा सांगत नाहीत: सीएमआर आणि एसएमआर, म्हणजे डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये माहितीच्या ओळी शेजारी-शेजारी सुट्या असतात. एसएमआर डिस्कवर माहितीच्या ओळी मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारचीही उचलावी लागतात, म्हणून भरपूर लिहायला लागलं की डिस्क रडते. एकदाच फोटो भरून ठेवणाऱ्याला ती चालेल. रोज व्हिडिओ एडिट करणाऱ्याने किंवा नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) टाकणाऱ्याने सीएमआरच मागावी. २०२० साली ग्राहकांनी ओरड केल्यावर कंपन्यांनी कुठलं मॉडेल कुठल्या प्रकारचं याच्या याद्या जाहीर केल्या. मॉडेल नंबर सांगा, तुमच्यासमोर बघून देऊ.

(१ टीबी घेतली आणि विंडोज ९३१ जीबीच दाखवते, ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.)

भरवशाबद्दल. खोक्यावर दहा लाख तासांचा आकडा दिसला तर तुमची डिस्क शंभर वर्षं चालेल असा अर्थ काढू नका, ती हजारो डिस्कची मिळून काढलेली सरासरी असते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, मुलीच्या बारशाचे फोटो नाही. म्हणून त्याच पैशात ४ टीबीची एक घेण्याऐवजी २ टीबीच्या दोन बसत असतील तर दोन घ्या, आणि दुसरीवर कॉपी काढून ती कपाटात ठेवा. आमच्याकडे लाइट दिवसातून दोनदा जाते, तेव्हा यूपीएसही धरून चला.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडून ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी बघा. शेवटच्या रकान्यात शून्य असायला हवं. शून्य नसेल तर आधी कॉपी काढा, मग आम्हाला फोन करा. फक्त सी७चा आकडा वाढत असेल तर डिस्क टाकू नका, बहुतेक वेळा डिस्कला जोडणारी साटा केबल खराब असते.

आणि डिस्क एका लयीत टक… टक… टक… करू लागली तर त्या क्षणी मशीन बंद. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलंसुरलंही जातं. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, आत ओल धरते.

खरेदी करताना पाकीट आमच्यासमोर फोडा, डिस्कवरचा सीरियल नंबर बिलावर आहे ना ते बघा, आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख तिथल्या तिथे मोबाइलवर तपासा. दुरुस्तीला आणताना कॉम्प्युटर स्कूटरच्या पुढच्या हुकाला लटकवू नका. टॉवेलात गुंडाळा आणि मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या.