नांगर वाहणारी होडी

११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन जेम्स कुकचे 'एन्डेव्हर' जहाज ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. लगेच होड्या पाण्यात सोडल्या, पण पळून जाण्यासाठी नव्हे. सगळी माणसे मावतील एवढी जागा त्यांत नव्हतीच. होड्यांनी भोवतालची खोली मोजली, मग खोल पाण्यात नांगर नेऊन टाकले. जहाजावर उभा रहाट फिरवून खलाशांनी त्या नांगरांचे दोर ताणून धरले, तोफांसह ४०-५० टन वजन समुद्रात टाकले आणि दुसऱ्या रात्रीच्या भरतीला जहाज सुटले.

नांगर वाहणे हे जहाजावरच्या मोठ्या होडीचे, म्हणजे लाँचचे, मुख्य काम. म्हणून ती रुंद, खोल आणि दणकट बांधत. जाड दोर जहाजावरून सोडत गेले, तर पाण्यातून ओढला जाणारा दोरच होडीला मागे खेचतो आणि वल्ही मारणाऱ्यांचा दम संपतो. त्यामुळे दोराची वेटोळी होडीतच रचून पुढे जाता जाता सोडणे सोयीचे.

होडी जपणे मात्र कटकटीचे. डेकवर उन्हात ठेवली की फळ्या आकसतात, सांधी उघडतात आणि पाण्यात उतरवताच ती गळू लागते. म्हणून तिच्यात थोडे पाणी ठेवून लाकूड फुगलेले राखायचे. पाण्यातच ठेवावी तर लाकूड पोखरणारा टेरेडो लागतो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे.

१७८९ मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावरच्या बंडखोरांनी कॅप्टन विल्यम ब्लाय यांना समुद्रात सोडून देण्यासाठी आधी एक छोटी होडी काढली. तिचा तळ किड्यांनी खाल्लेला होता. अखेर २३ फुटी लाँच मिळाली. तिच्यात १९ माणसे बसल्यावर मधोमध काठ पाण्यापासून जेमतेम सात इंच वर उरला. लाटा आत येत, पाणी उपसण्यात खंड नसे. वजन घटवण्यासाठी जादा कपडे, दोर, शिडे फेकून दिली. सुकी बिस्किटे सुताराच्या पेटीत बंद केली, कारण ती भिजली असती तर सगळे संपले असते.

वाटप नारळाच्या दोन करवंट्यांच्या तराजूने होई. वजन म्हणून पिस्तुलाची गोळी: एक पौंडाचा पंचविसावा भाग, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. एका माणसाला एका वेळी तेवढेच बिस्कीट मिळे. टोफुआ बेटावर एक सोबती मारला गेला. उरलेले १८ जण ३,६१८ सागरी मैल कापून १४ जूनला तिमोरच्या कुपांग बंदरात पोहोचले, त्याच नांगर वाहणाऱ्या होडीतून.