बालसंगोपनाच्या सोयी, ग्रामीण विदर्भातील

आईवडील कामावर गेल्यावर सहा वर्षांखालील मुलांना सांभाळणाऱ्या सरकारी, खासगी आणि घरगुती सोयी. ग्रामीण विदर्भात त्यांचा विचार शेतीच्या हंगामाला धरूनच करावा लागतो.

गावोगावी पोचलेली सरकारी सोय म्हणजे अंगणवाडी. ती ज्या योजनेतून चालते, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिथे फी नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांची नावे पटावर असतात. पण रोज येऊन बसतात ती तीन वर्षांवरची. ती गाणी म्हणतात, खिचडी किंवा उसळ खातात आणि दुपारी घरी जातात. त्याहून लहानांना घरी न्यायच्या आहाराची पाकिटे मिळतात, वजन-उंची नोंदली जाते. अंगणवाडी म्हणजे पाळणाघर, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

कापसाच्या वेचणीत ही उणीव सगळ्यांत जास्त जाणवते. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की बाया सकाळीच वावरात जातात. मजुरी किलोवर असते. मधेच घरी यावे तर तेवढी वेचणी बुडते. घरी आजी असली तर निभावते. नाहीतर अंगावर पिणारे मूल धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजते आणि शाळा बुडवून आलेली मोठी बहीण झोका देत बसते. ही सोय फुकटची मानणे त्या मुलीवर अन्याय आहे.

दिवसभराच्या सांभाळासाठी २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. २०२२ पासून तिची जागा केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमातील ‘पालना’ने घेतली, तीत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास असे त्याचे वेळापत्रक. वेचणीच्या बायांना हवे ते नेमके हेच.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावरच्या बायांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांतल्याच एका बाईला मुले सांभाळण्याचे काम पूर्ण मजुरीवर द्यावे, असे ठरवले. कारखान्यांसाठी १९४८ चा कायदा होता: तीसहून अधिक स्त्रिया कामाला असल्यास पाळणाघर सक्तीचे.

खासगी सोय म्हणजे बहुधा तालुक्याच्या गावची ‘कॉन्व्हेंट’: नर्सरी, केजी वन, केजी टू. फी आणि ऑटोचे भाडे वेगळे. मूल साधारण तीन वर्षांचे झाल्यावरच तिथे घेतात आणि तीही काही तासांचीच, त्यामुळे झोळीतल्या मुलाला तिचा उपयोग नाही.