लंगडी घालणाऱ्या हाडांची गोष्ट

संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लंगडीचा डाव रंगतो. परवा राज्य एका पाच वर्षांच्या मुलीवर होतं. डावा पाय मागे दुमडलेला, जीभ दातांत धरलेली, आणि उजव्या पायावर ठक ठक ठक. पाचव्या उडीला पाय टेकला. ‘बाद, बाद!’ पोरांनी एकच गलका केला.

तेवढ्या पाच उड्यांत तिच्या नडगीत बरंच काही घडून गेलं होतं. उडी मारून पाय जमिनीवर आदळतो तेव्हा त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो आणि हाड किंचित वाकतं. हो, हाड वाकतं! हाडाच्या आत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. हाड वाकलं की त्या नळ्यांतला द्रव ढकलला जातो आणि आत बसलेल्या अस्थिपेशींना खबर लागते, की इथे भार पडतोय, इथे भर घाला. पण या पेशी लवकर कंटाळतात. एकसारखे दणके बसत राहिले की दाद देईनाशा होतात, जरा उसंत मिळाली की पुन्हा जाग्या होतात. चार उड्या, बाद, मग कठड्यावर बसून आरडाओरडा, ही लंगडीची लय हाडांना छान मानवते. पोहणं हृदयाला उत्तमच, पण पाणी शरीर तोलून धरतं, त्यामुळे हाडांना हा दणका मिळत नाही.

याचा पुरावा टेनिसपटूंच्या दंडात सापडतो. माणूस तोच, आहार तोच, आईबापांकडून आलेली जनुकं तीच, तरी रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड. वयात येण्याआधीच खेळायला लागलेल्यांत हा फरक बराच मोठा दिसतो.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे खेळ.

डोक्याला काम हवं असेल तर खो-खो आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली त्याचे नियम बांधले. पळणारा गडी हातभर अंतरावरून निसटतोय, तरी ‘खो’ मिळेपर्यंत उठायचं नाही! सात वर्षांच्या पोराला हे महाकठीण, कारण मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. याने गणितातले मार्क वाढतील का, असं पालक विचारतात. मला तो प्रश्नच कंजूष वाटतो.

अगदीच लहानांसाठी आपल्याकडे लिंबूटिंबूची सोय आहे. बाद झालं तरी राज्य येत नाही, धावायला मात्र सगळ्यांबरोबर मिळतं. महागड्या क्रीडा शिबिरांत हे पद मी अजून पाहिलेलं नाही.

लंगडीत मध्येच पाय बदलता येत नाही. टेनिसपटूंचा दंड आठवून मी त्या मुलीला म्हटलं, “पुढच्या डावाला डाव्या पायावर घाल की.”

“डावा माझा पडतो हो काका,” म्हणाली, आणि पुन्हा उजव्यावरच सुटली.