लॅमिनेट म्हणजे नुसतं प्लास्टिक?

‘लॅमिनेट म्हणजे प्लास्टिकचा पातळ पत्रा, दुसरं काही नाही’ हा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. गैरसमज होणं साहजिक आहे, कारण ओळखपत्राचं लॅमिनेशन आपण सगळ्यांनीच करून घेतलंय आणि तिथे प्लास्टिकच दिसतं.

पण लॅटिनमध्ये ‘लामिना’ म्हणजे पातळ पापुद्रा. पापुद्र्यावर पापुद्रा ठेवून कायमचे चिकटवले की झालं लॅमिनेट, मग माल कुठलाही असो. प्लायवूडही त्यातलंच. गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे चिवट पडदा. म्हणूनच ती तडकली तरी तुकडे सहसा जागीच धरून राहतात.

आता कपाटावरचा सनमायका (हे मुळात एका ब्रँडचं नाव, आपण सगळ्यालाच लावतो). तो बहुतांशी कागदच असतो! तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून, वर नक्षीचा कागद ठेवून उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात. रेझिन हा प्लास्टिकचाच प्रकार, पण एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही.

खात्री करायचीय? सुताराकडून उरलेला तुकडा मागा आणि मोडा. नक्षीच्या खाली तपकिरी गाभा दिसेल.

आणि आपली सोलापुरी चादर? दोन्ही अंगांनी नक्षी, जाडही भरपूर, तरी ती लॅमिनेट नव्हे. तिथे धागे मागावर एकमेकांत विणलेले असतात, काहीच चिकटवलेलं नसतं. कडेचा धागा ओढून बघा, सुटून येतो. (नव्या चादरीवर प्रयोग नको, घरात बोलणी बसतील.)